पुस्तक मिटा म्हणणाऱ्यांना

गेल्या मे महिन्यात एका कन्व्हेन्शनच्या मांडवात मी सलग तीन संध्याकाळी बसले. तिसऱ्या संध्याकाळी वक्त्यांनी श्रोत्यांना विचारलं, "देवाविषयी किती शिकलात ते मला सांगू नका. देव भेटला का ते सांगा. ज्यांना भेटला त्यांनी उभं राहा." बरेच जण उभे राहिले. माझ्या शेजारी आमच्या संडे स्कूलमधली सतरा वर्षांची एक मुलगी मान खाली घालून बसून राहिली. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, डोंगरावरील प्रवचन, सगळं तिला पाठ आहे. धाकट्या मुलांचा वर्ग आता तीच घेते. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "बाई, मग मी एवढी वर्षं शिकले ते वायाच गेलं का?"

मी तिची समजूत घातली, पण उत्तर दिलं नाही. ते आज देते आहे. त्यासाठी त्या संध्याकाळच्या भाषणाचा प्रतिवाद करावा लागेल.

भाषणाचा आशय असा होता. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाजवळ देवाची माहिती असते, देव नसतो. माहिती वाढत जाते तशी ती मधली भिंत होते. तेव्हा पुस्तक मिटा, शंका बंद करा, हृदय उघडा, म्हणजे देव आत येईल. आधाराला त्यांनी चार नावं घेतली: पंडिता रमाबाई, जॉन वेस्ली, पास्कल आणि थॉमस अक्वायनस. चौघंही मोठे विद्वान, आणि चौघांनीही शेवटी विद्या टाकून अनुभव धरला, असं ते म्हणाले.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. देवाविषयी सगळं ठाऊक असलेला माणूस देवापासून दूर असू शकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक यरुशलेमेत येतात तेव्हा हेरोद मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना विचारतो, ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा आहे? ते क्षणाचाही विलंब न लावता बरोबर उत्तर देतात: बेथलेहेमात. बेथलेहेम तिथून पायी दोन-अडीच तासांवर, पण त्यांच्यापैकी एकही तिकडे गेल्याचं मत्तय सांगत नाही. इतकी वर्षं वर्ग घेताना हा उतारा वाचला की मला स्वतःची भीती वाटते, कारण उत्तर देणाऱ्यांच्या रांगेत मीही उभी आहे.

पण तोच उतारा पुढे वाचा. ताऱ्याने त्या परदेशी माणसांना यरुशलेमेपर्यंत आणलं. बेथलेहेमचं नाव त्यांना मिळालं ते मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकातून, त्याच शास्त्र्यांच्या तोंडून. शास्त्री चालले नाहीत हा दोष शास्त्र्यांच्या पायांचा. पुस्तकाने गावाचं नाव बरोबर सांगितलं होतं, आणि जे चालले त्यांना ते सापडलं. आमच्या वक्त्यांनी पायांचा दोष पुस्तकाच्या माथी मारला, एवढंच मला म्हणायचं आहे. पण त्यांनी नावं घेतली आहेत, तेव्हा ती नावं एकेक करून पाहू.

रमाबाईंपासून सुरुवात करते, कारण त्या आपल्या आहेत आणि त्यांच्यावरच सर्वांत मोठा अन्याय झाला आहे.

वक्त्यांनी सांगितलेला टप्पा रमाबाईंच्या आयुष्यात खरोखर आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की, बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं त्यांच्या हाती ख्रिस्ताचा धर्मच होता. ख्रिस्त स्वतः त्यांना नंतर गवसला. असं लिहायला किती धैर्य लागलं असेल! ज्या बाईने बाप्तिस्म्यासाठी पुण्यातल्या सगळ्या मानसन्मानावर पाणी सोडलं, ती सांगते आहे की तेव्हाही मूळ गोष्ट हाती आली नव्हती.

वक्ते इथे थांबले. पण ती गोष्ट हाती आली कशी?

लहानपणापासून रमाबाईंच्या वाट्याला जे जे आलं ते पुस्तकांच्या वाटेने आलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं ते लोकांचा रोष पत्करून, आणि त्या माउलीने लेकीला शिकवलं. पुराणं सांगत गावोगाव फिरणारं हे कुटुंब दुष्काळात सापडलं. आईवडील गेले, मोठी बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर रमाबाई देशभर पायी हिंडल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. लग्नानंतर सिल्चरला पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली. पुण्यात गाठ पडली ती फादर नेहेम्या गोऱ्ह्यांशी, म्हणजे मूळचे काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, 'षड्दर्शन दर्पण' लिहिणारे. त्यांच्याशी चर्चा, पत्रं, युक्तिवाद. इंग्लंडमध्ये गेल्यावर फुलमच्या आश्रमात त्यांनी पाहिलं की, जगाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे माणसासारखं वागवतात. असं का, म्हणून विचारलं तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची हकीकत वाचून दाखवली. त्यांच्या मनाची पकड घेणारा प्रसंग तो, आणि त्यातही एक पान उघडलेलं आहे.

बाप्तिस्म्यानंतर त्यांचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याची शिकवण, चमत्कार, अथनेशियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार, या सगळ्यांवरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या शाळेच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार चालला. समजल्याशिवाय मानणार नाही हा त्यांचा बाणा. सिस्टर जेराल्डीनना त्यात गर्व दिसला. आमचे वक्ते तिथे असते तर त्यांनाही दिसला असता. मला तिथे प्रामाणिकपणा दिसतो. ज्याला उत्तराची आशा उरलेली नाही तो प्रश्नच विचारत नाही. रमाबाई विचारत राहिल्या, म्हणजे दार उघडेल असं त्यांना कुठेतरी वाटत होतं.

आणि दार उघडलं तेही एका पुस्तकाने. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्डू इथले रीतसर दीक्षा घेतलेले पाळक. १८५१ मध्ये आपल्याच व्यासपीठावरून ख्रिस्ताविषयी बोलता बोलता त्यांचं अंतःकरण पालटलं, आणि खाली बसलेल्या एकाने ओरडून सांगितलं की आपल्या पाळकाचंच परिवर्तन झालं! बाप्तिस्मा झालेला, दीक्षा झालेली, शास्त्र शिकवणारा माणूस, आणि तरी रिकामा. हे वाचताना रमाबाईंना आपली अवस्था ओळखू आली. आपल्याला ख्रिस्ताच्या धर्माबरोबर ख्रिस्त हवा, हे त्यांना कळलं आणि त्यांनी तो मागितला. पुस्तक मिटलं म्हणून अनुभव आला, असं या हकीकतीत शोधूनही सापडत नाही.

वेस्लीचं तर वक्त्यांनी अर्धंच वाक्य सांगितलं. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीत या ऑक्सफर्डच्या विद्वानाच्या हृदयात अनोखी ऊब दाटली, हे खरं. पण त्या वेळी त्या खोलीत काय चाललं होतं? कोणीतरी मार्टिन ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. विश्वास म्हणजे काय, नियमशास्त्र म्हणजे काय, हे बारकाईने उलगडणारं ते लेखन आहे. गाणं चाललं नव्हतं, उभं राहण्याचं आवाहन चाललं नव्हतं. धर्मशास्त्राचं पान वाचलं जात असताना ते हृदय उबलं. त्यानंतर वेस्लीने काय केलं? पन्नास खंडांची ख्रिस्ती ग्रंथमाला काढली, आणि आपल्या उपदेशकांना दिवसाकाठी निदान पाच तास वाचनाला द्यायला सांगितलं. हे उपदेशक बहुतेक साधे कामकरी होते. वाचनाची आवड नाही म्हणणाऱ्याला त्याने आवड लावून घे नाहीतर आपल्या धंद्याला परत जा, असं बजावलं.

पास्कलचं थोडक्यात सांगते. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्याला जे अनुभवाला आलं ते त्याने कागदावर टिपलं आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून मरेपर्यंत जवळ बाळगला. तत्त्वज्ञांच्या देवापेक्षा अब्राहामाचा देव वेगळा, हे त्यात आहे, आणि वक्त्यांनी तेवढंच उचललं. त्या छोट्या कागदावर बायबलमधले किती उल्लेख दाटीवाटीने आले आहेत ते त्यांनी पाहिलं नाही. ज्याने शास्त्र वाचलेलंच नाही त्याला तो कागद लिहिता आला नसता. त्या रात्रीनंतर पास्कलने विचार करणं सोडलं असंही नाही. त्याचं सर्वांत धारदार युक्तिवादाचं लेखन त्या रात्रीनंतरचं आहे.

उरला थॉमस. ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्समध्ये मिस्सा अर्पण करताना त्याला काहीतरी दिसलं, आणि त्यानंतर त्याने लेखणी ठेवली. सोबत्याने आग्रह केला तेव्हा तो म्हणाला की, जे पाहिलं त्यापुढे आपण लिहिलेलं सगळं काडासारखं वाटतं. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ ला, तो वारला. हा दाखला वक्त्यांच्या हातातला हुकमाचा पत्ता होता आणि मांडव त्यावर हलला.

मी ज्वारीच्या मुलखात वाढले. कडबा म्हणजे काय ते मला माहीत आहे. कणीस खुडलं की उरतो तो कडबा, आणि कणसापुढे त्याची किंमत काहीच नाही. पण ते कणीस त्याच ताटावर धरलं होतं. जमिनीतला ओलावा दाण्यापर्यंत पोचला तो त्याच ताटातून. सुगीच्या दिवशी थॉमसने ताटाला कडबा म्हटलं, तो त्याचा अधिकार. पेरणीच्या दिवशी सतरा वर्षांच्या पोरीला 'ताट उपटून टाक, थेट कणीस माग' म्हणून सांगण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नाही. शिवाय थॉमसने आपली पुस्तकं जाळली नाहीत. लिहिणं थांबवलं, आणि मागे ठेवलं ते माणसं साडेसातशे वर्षं वाचत आहेत.

चार साक्षीदार उभे केले आणि चौघांनीही उलट साक्ष दिली. पण माझी तक्रार दाखल्यांपुरती नाही. ज्ञान दूर केलेला अनुभव धोक्याचा असतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या वस्तीतल्या एका आईचा मुलगा जन्मापासून आजारी. एका प्रार्थनासभेत कोणीतरी तिला सांगितलं की, मला आत्म्याने दाखवलं, हे तुझ्या पापामुळे झालं आहे. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याचा अनुभव त्याच्यापुरता खरा असेलही. ती बाई चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी तिला लहानपणी संडे स्कूलमध्ये शिकलेली योहानाच्या नवव्या अध्यायातली जन्मांधाची गोष्ट आठवली. शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? येशू दोन्ही नाकारतो. तिने ते पान काढलं, पुन्हा वाचलं आणि चूल पेटवली. ज्याला आमचे वक्ते डोक्यातली माहिती म्हणतात, त्या माहितीने त्या घरातली एक बाई वाचवली. तिला त्या पानावर जो भेटला त्याला मी देव म्हणते.

सोळाव्या शतकातल्या आविलाच्या तेरेसेला जेवढे अनुभव आले तेवढे क्वचितच कोणाला आले असतील. तिचं म्हणणं काय होतं? पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू शिकलेला हवा. अर्धवट शिकलेल्यांनी आपलं नुकसान केलं, हे तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. शास्त्र नीट जाणणाऱ्याने आपले अनुभव तपासावेत म्हणून ती धडपडली. ज्यांना खरोखर भेट झाली ती माणसं तपासणीला घाबरत नाहीत.

आणि उभं राहण्याच्या त्या आवाहनाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतून कळतं की, काम सुरू केल्यानंतर जवळजवळ अर्धं शतक त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव बहुतेक होत नव्हती. होता तो अंधार. तरी त्या पहाटे उठत, प्रार्थनेला बसत आणि मग मरणाऱ्यांजवळ जात. त्या संध्याकाळी त्या मांडवात मदर तेरेसा असत्या, तर त्या माझ्या विद्यार्थिनीच्या शेजारी बसून राहिल्या असत्या. अशा प्रश्नाने देवाची माणसं मोजायची असतील तर मोजमापच चुकलं आहे.

आपल्या मराठीत 'अनुभव' हा शब्द फार खोल आहे. संतांनी तो घडवला, आणि आम्ही ख्रिस्ती लोकही तो त्यांच्याच अंगणातून उचलला. पण 'अमृतानुभव' ज्याने लिहिला त्यानेच गीतेवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीकाही लिहिली. ज्ञान आणि अनुभव यांचं भांडण आपल्याकडे त्याने तरी लावलं नव्हतं. मराठी ख्रिस्ती साहित्याची सुरुवातही पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लिश जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग आहे. रविवारी दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची मूलतत्त्वं, शिकवून होते, आणि एक नवा ख्रिस्ती उठून म्हणतो की हे शिकवता ते बरंच आहे, पण आमची पुराणं तर गेली, मग त्यांच्या जागी मन रमेल असं काही तुम्ही का देत नाही? हीच तर आमच्या मुलीची तहान! स्टीफन्सने त्याला दोत्रीन टाकून दे असं सांगितलं नाही. त्याने १६१६ मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण दिलं, आणि त्याच हाताने कोकणीत दोत्रीनही लिहिली, जी त्याच्या मरणानंतर १६२२ मध्ये राशोलला छापली गेली. नियम सांगणारा आणि गोडी लावणारा एकच माणूस होता.

मग ज्ञानाकडून देवाकडे जायचं म्हणजे करायचं तरी काय? मला उत्तर व्याकरणात सापडतं. देवाविषयी शिकताना आपण 'तो' म्हणतो: तो दयाळू आहे, त्याने जग निर्माण केलं, तो क्षमा करतो. प्रार्थनेत 'तू' म्हणतो. आमच्या घरात वडिलांना आम्ही 'तुम्ही' म्हणायचो, आईला 'तू'. प्रभूच्या प्रार्थनेत मात्र पित्यालाच 'तू' म्हणायला शिकवलं, आणि लहानपणी मला त्याचं फार नवल वाटायचं. 'तो' पासून 'तू' पर्यंतचं अंतर, एवढाच तो प्रवास. त्यासाठी आधी शिकलेलं एक अक्षरही पुसावं लागत नाही. तो क्षमा करतो, हे ज्याला ठाऊकच नाही, तो 'तू मला क्षमा कर' असं कोणत्या भरवशावर म्हणणार? संत ऑगस्टिनने चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहायला घेतलेलं आत्मनिवेदन अथपासून इतिपर्यंत देवाशी बोलतं. स्मृती म्हणजे काय, काळ म्हणजे काय, जग कसं उत्पन्न झालं, अशी अवघड चर्चा त्यात आहे, आणि तीही सगळी 'तू' म्हणत केलेली. एवढा गहन विचार आणि एवढी सलगी एका पुस्तकात नांदते, आणि मग मांडवात मुलांना त्यांतलं एकच निवडायला सांगतात, याचं मला दुःख होतं.

म्हणून त्या मुलीला सांगते. बाई गं, तू शिकलीस त्यातलं काही वाया गेलेलं नाही. विश्वासांगीकार तुला पाठ आहे ना? आज रात्री तोच सावकाश म्हण, आणि जिथे जिथे 'तो' येईल तिथे 'तू' घाल. काही वाटलं तर चांगलं. नाही वाटलं तरी उद्या पुन्हा म्हण. अडलं तिथे थांब, विचार, भांड. रमाबाई भांडल्या.

आणि त्या वक्त्यांना माझी विनंती आहे: रमाबाईंचं नाव पुन्हा घ्याल तेव्हा त्यांची पुढची वर्षंही सांगा. जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या आपल्या मुक्ती सदनात त्यांनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं तेव्हा सुमारे ७० जणी आल्या, आणि जूनच्या अखेरीस मोठं संजीवन झालं. रडणं, मोठ्याने प्रार्थना, सगळं झालं, आणि टीका झाली तेव्हा रमाबाई मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. अनुभवाला त्या घाबरल्या नाहीत. पण मुक्तीतली शिकवण त्यांनी बंद केली नाही, आणि स्वतः हिब्रू आणि ग्रीकच्या अभ्यासाला वाहून घेतलं. गावातल्या अडाणी बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांना सबंध बायबल द्यायचं होतं. मूळ भाषांवरून त्या एक एक ओळ लावत राहिल्या. कान ऐकेनासे झाले, लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी, आपल्या हातांनी.